मावशीचा तांब्या, दादाचा टँक आणि कळकलेला समुद्र



या आठवड्याचा विषय माझ्या यादीत नव्हता. तो सांगलीहून आलेल्या एका फोनमुळे आला. फोन मावशीचा. ती नुकतीच जर्मनीहून, म्हणजे माझ्या मावसभावाकडून, परत आली होती. पहिलंच वाक्य होतं, "तुझ्या दादाने मला पोवळी मारणारी ठरवलंय रे."

प्रकरण असं. दादा फ्रँकफर्टला असतो. त्याच्या हॉलमध्ये ३०० लिटरचा रीफ टँक आहे. रीफ टँक म्हणजे गोल्डफिशवाली पेटी नव्हे. त्यात खारं पाणी, जिवाणूंनी भरलेले दगड आणि त्यावर वाढणारी जिवंत प्रवाळं असतात. मासे असतात, पण ते पाहुण्यांसारखे. खरा जीव प्रवाळांवर. दादाने पाच वर्षं हा टँक सांभाळला. आणि यंदा, मावशी तिकडे असतानाच, प्रवाळं मिटायला लागली. गोगलगायी काचेवरून गळून पडल्या, पुन्हा चढेनात. मासे मात्र मजेत. दादाने खारटपणा तपासला, नायट्रेट तपासलं, तापमान बघितलं. सगळं ठीक.

मग त्याला आठवलं की मावशी रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवते, सकाळी पिते, आणि उरलेलं एक-दोनदा तिने टँकच्या वरच्या पाण्याच्या डब्यात ओतलं होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून. झालं. तांबं. तांब्याने प्रवाळं मरतात हे रीफ टँकवाल्या पोराला पहिल्या महिन्यातच कळतं. दादा बोलून गेला, मावशी गप्प झाली, आणि तिकिटाच्या तारखेला परत आली.

आता मी काही केमिस्ट नाही. पण खाऱ्या पाण्यात धातू उतरला हे माणसाला कळायला कसं लागलं, ही गोष्ट अडीचशे वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि ती शोधता शोधता मावशीची केससुद्धा सुटली. म्हणून आजचा एपिसोड.

सुरुवात घरातून करू. मराठीत या प्रकाराला स्वतंत्र क्रियापद आहे, तुमच्यापैकी किती जणांनी ते ऐकलंय माहीत नाही. कळकणं. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं काही राहिलं की ते कळकतं. चव तुरट, कडवट होते, कधी कडेला हिरवट झाक येते. आंबट पदार्थ भांड्यातला धातू ओढून घेतो. म्हणूनच कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने भांड्याला आतून फिरवलेलं चकचकीत कथील. आत कथिलाचा थर, त्यामागे तांबं. थर शाबूत तोवर ताक शाबूत. कल्हई उडाली की आजीची जीभ पहिल्या घोटाला सांगायची.

म्हणजे आजीच्या घरात धातू शोधायचं यंत्र होतं, जीभ. समुद्राच्या पाण्याला ते चालत नाही.

आता आपण थेट १७६१ मध्ये जाऊ, ब्रिटिश आरमारात. लाकडी जहाजांचे दोन शत्रू होते. एक, लाकूड पोखरणारा शिपवर्म. दोन, तळाला चिकटणारं शेवाळ आणि बार्नकल्स, म्हणजे कोकणात खडकावर, होडीच्या बुडाला जे टणक पांढरे कवचवाले जीव चिकटलेले दिसतात ते. त्यांनी जहाज जड होतं, वेग जातो. म्हणून एचएमएस अलार्म नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि ते वेस्ट इंडीजला पाठवलं. दोनेक वर्षांनी परत आल्यावर बघितलं तर तळ स्वच्छ. पण पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते त्यांची माती झालेली. काही ठिकाणी पत्रेच निघून गेलेले.

आणि इथे एक बारीकशी गोष्ट कुणाच्या तरी नजरेला पडली, जी मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आवडते. काही खिळे धडधाकट होते. का? तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद त्या जागी खिळ्याखाली तसाच राहून गेला होता. कुणी आळसाने काढला नव्हता. लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये कागद आला, आणि लोखंड वाचलं.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ठेवले की त्यांची बॅटरी होते. एक धातू झिजतो, दुसरा वाचतो. लोखंड-तांबं जोडीत झिजतं लोखंड. १७६१ ला बॅटरी हा शब्दही या अर्थाने कुणाला माहीत नव्हता. व्होल्टाची बॅटरी आली १८०० मध्ये. कागद आधी, सिद्धांत नंतर.

सिद्धांत वापरला हम्फ्री डेव्हीने. तोवर आरमाराने लोखंडी खिळे सोडून तांब्याचे मिश्रधातू वापरायला सुरुवात केली होती, पण आता तांब्याचे पत्रेच समुद्रात विरघळत होते आणि तांबं महाग. डेव्ही तेव्हा रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. मदतीला मायकेल फॅरडे. डेव्हीचं म्हणणं साधं होतं. लोखंड झिजतं आणि तांबं वाचतं ना, मग मुद्दामच तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडा. ते मरतील, पत्रा जगेल. १८२४ मध्ये एचएमएस समरंग या जहाजावर हा प्रयोग झाला. हे जहाज आपल्याकडे, कोचीला बांधलेलं होतं.

प्रयोग अगदी यशस्वी झाला. तांबं विरघळायचं जवळपास थांबलं. आणि जहाजाच्या तळावर शेवाळ आणि बार्नकल्सची वसाहत झाली.

थांबा जरा, कारण आपल्या टँकचं सगळं इथे आहे. जहाजाचा तळ स्वच्छ राहत होता तो पत्रा गुळगुळीत होता म्हणून नाही. पत्र्यातून तांबं सतत, अगदी किंचित किंचित, पाण्यात उतरत होतं आणि कवचवाल्या जीवांना ते सहन होत नव्हतं. डेव्हीने विरघळणं थांबवलं आणि नकळत सिद्ध केलं की विषाचा तो मागमूसच काम करत होता. आरमाराने वैतागून त्याची योजना गुंडाळली. बिचाऱ्याची त्या काळात थट्टाही झाली. पण बघा, त्या मागमुसाचं मोजमाप कुणी केलं? बार्नकल्सनी. दुसरं साधनच नव्हतं.

पुढची तीसेक वर्षं सोडू. १८५० च्या सुमाराला लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या केमिस्टने दाखवलं की काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलता जगतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात गेला. गॉसने त्याच वर्षी घरी समुद्राचं पाणी बनवायची कृतीही दिली. फक्त चार क्षार, त्यात मुख्य आपलं जेवणातलं मीठ. बाकीचं जे समुद्रात अगदी थोडं असतं ते त्याने सोडून दिलं.

या मंडळींकडे धातू मोजायचं काही नव्हतं, पण अनुभव होता. त्यातला सगळ्यात हट्टी माणूस विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनमधलं क्रिस्टल पॅलेसचं प्रचंड अ‍ॅक्वेरियम, जे १८७१ ला उघडलं, त्याने उभं केलं. तिथे समुद्राचं पाणी चोवीस तास फिरवायचं होतं, म्हणजे पंप आणि नळ्या आल्या, आणि त्या काळात पंप म्हणजे लोखंड-पितळ. लॉइडने त्याऐवजी व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर वापरलं. पाण्याला धातू लागूच द्यायचा नाही. मोजता येत नसेल तर शिरूच देऊ नका, हा त्याचा हिशेब आणि तो मला पटतो.

मग विसाव्या शतकात एक विचित्र वळण आलं. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांनी तांबं मुद्दाम पाण्यात घालायला सुरुवात केली. औषध म्हणून. माशांच्या कल्ल्यांवर आणि अंगावर जे परजीवी होतात, मखमलीसारखे किंवा पांढऱ्या ठिपक्यांचे, ते तांब्याने मरतात. डोस लिटरला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम. मासा एवढं सोसतो. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सोसत नाहीत. दादाच्या टँकमध्ये मासे मजेत आणि गोगलगायी आडव्या, हे चित्र म्हणून बोलकं होतं. त्याने तांब्यावर संशय घेतला हे चूक नव्हतं. तांबं कुणी घातलं यावर तो घसरला.

मी त्याला विचारलं, "दादा, तू तांबं मोजलंस का?"

"मोजलं ना. घरच्या किटने. शून्य."

"मग?"

"अरे त्या किटचं शून्य म्हणजे शून्य नसतं."

बरोबर होतं त्याचं. ती घरगुती किटं मुळात त्या औषधाच्या डोससाठी बनवलेली. थेंब टाका, रंग बघा, कार्डाशी ताडून पाहा. खुल्या समुद्रात तांबं लिटरला एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. औषधाचा डोस म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रोग्रॅम. या दोघांच्या मध्ये केवढी तरी जागा आहे जिथे प्रवाळ आजारी पडतं आणि कार्डावरचा रंग बदलत नाही.

एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती ते डोळ्यांसमोर आणायचं तर उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर आठवा. दहा हजार लिटरचे शंभर टँकर रांगेत उभे करा. त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम तांबं विरघळवा. झालं, लिटरला एक मायक्रोग्रॅम. उलट बाजूने, दादाच्या ३०० लिटरमध्ये दहा मायक्रोग्रॅमपर्यंत जायला फक्त तीन मिलिग्रॅम तांबं पुरतं. मिठाचे काही डझन दाणे.

एवढं बारीक शोधायची युक्ती आली ती ज्योतीतून. १८६० च्या आसपास हायडेलबर्गमध्ये बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत घातलं की त्याचे ठरलेले रंग देतं, आणि तो प्रकाश प्रिझममधून नेला तर त्या रंगांच्या रेषा सही सारख्या वाचता येतात. बुन्सेनने एका झऱ्याचं पाणी आटवलं, चाळीस हजार लिटरहून जास्त, आणि त्यातून तोवर कुणाला माहीत नसलेलं सीझियम शोधलं. निळ्या रेषांवरून. पाण्यात लपलेला धातू प्रकाशाने पकडायचा, हे तिथून सुरू झालं.

बुन्सेनच्या हाताखाली पुढे एक ऑस्ट्रियन पोरगा शिकला. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. त्याचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याची एक वस्तू तुमच्या आजोबांनी नक्की वापरली असेल. गॅसबत्तीचं मॅन्टल. वरातीत डोक्यावर घेतलेली पेट्रोमॅक्स, तमाशाच्या कनातीतली पेट्रोमॅक्स, त्यातली ती पांढरी जाळीदार पिशवी. त्यानेच १८८५ मध्ये ज्याला सगळे एकच मूलद्रव्य समजत होते ते फोडून दोन वेगळी काढली. त्यातलं एक निओडिमियम. त्या वेळी त्याचा मोठासा उपयोग कुणाला दिसला नव्हता.

शंभर वर्षांनी दिसला. आणि इथे आपली दुसरी गोष्ट सुरू होते, चुंबकाची.

पाण्यातल्या वस्तूंमध्ये चुंबक घालायला आधी काही हरकत नव्हती. १९५० च्या दशकात फिलिप्सने बाजारात आणलेली काळी फेराइट चुंबकं, फ्रिजच्या दारावर चिकटवतो तशी, ही मुळात लोखंडाच्या ऑक्साइडची. जवळजवळ गंजच म्हणा. आधीच गंजलेलं पुन्हा काय गंजणार? त्यामुळे पाण्यात ठेवा, वाळूत पुरा, फारसं काही होत नाही. पण ताकद बेताची. १९६० च्या दशकात समेरियम-कोबाल्ट चुंबक आलं, ताकदवान पण महाग, कारण कोबाल्ट. १९७८ ला झैरेमधल्या लढाईने कोबाल्टचे भाव भडकले आणि सगळे स्वस्त लोखंडातून ताकदवान चुंबक काढायच्या मागे लागले.

ते जमवलं मासातो सागावा यांनी. फुजित्सुमध्ये असताना, १९७८ च्या एका व्याख्यानात त्यांना कल्पना सुचली की लोखंडाच्या जाळीत बोरॉनसारखा छोटा अणू घुसवावा. १९८२ मध्ये त्यांनी फुजित्सु सोडली, सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले, आणि थोड्याच काळात निओडिमियम-लोखंड-बोरॉनचं चुंबक तयार झालं. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनीही त्याच सुमाराला स्वतंत्रपणे तेच गाठलं. १९८३ मध्ये दोन्ही जगासमोर आलं. आज तुमच्या इअरबडमध्ये ते आहे, फोनच्या स्पीकरमध्ये आहे.

आणि रीफ टँकमध्येही आहे. कारण प्रवाळांना वाहतं पाणी लागतं, खरोखरच्या लाटांसारखं. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी फक्त हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले जिवंत दगड यांच्यावर प्रवाळं जगवून दाखवली होती, पण आजच्या टँकची हौस मोठी. आत पंखा, काचेबाहेर मोटर, दोघांना धरून ठेवणारं चुंबक. आतला काच घासायचा ब्रश आणि बाहेरचा दांडा, मध्ये दोन चुंबकं. जाड काचेपलीकडून धरून ठेवायचं तर फेराइट पुरत नाही. निओडिमियम लागतं.

त्याचा दोष असा की ते गंजतं. साधं नाही, वाईट गंजतं. हे चुंबक बारीक दाण्यांचं असतं आणि दाण्यांच्या मधल्या फटीत निओडिमियम जास्त असलेला एक थर असतो. पाणी आत शिरलं की आधी तो थर खाल्ला जातो, म्हणजे भिंतीतल्या विटा तशाच आणि मधलं सिमेंट गेलं. दाणे सुटे होतात, चुंबक फुगतं, भुकटी होते. म्हणून कारखान्यात त्याला कल्हई करतात. खरंच, दुसरा शब्द मला सुचत नाही. बहुतेक वेळा तीन थर, निकेल, मग तांबं, मग पुन्हा निकेल. त्यावर प्लास्टिकचं किंवा इपॉक्सीचं कवच.

आता एचएमएस अलार्म आठवा. बाहेर न झिजणारा धातू, आत झिजणारं लोखंड, आणि खारं पाणी. कवचाला तडा गेला, निकेलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, की तिथे बॅटरी चालू. आतलं चुंबक झिजतं आणि फुगून वरचे थर उचलून टाकतं. जोवर थर आतल्या लोखंडाला चिकटून आहेत तोवर लोखंड त्यांच्या वाट्याचं झिजतंय, डेव्हीच्या तुकड्यांसारखं. पापुद्रे सुटले की निकेल आणि तांब्याला वाचवणारं कुणी नाही. तेही पाण्यात उतरायला लागतात. डेव्हीने शेवाळावर हरलेला डाव इथे उलटा चालतो.

हे सगळं शोधायचं कसं? बुन्सेनच्या ज्योतीचा आजचा नातू म्हणजे आयसीपी. आर्गॉन वायूला रेडिओ लहरींनी तापवून सहा ते दहा हजार अंशांचा झोत करतात, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त गरम, त्यात पाण्याचा फवारा सोडतात आणि निघणाऱ्या प्रकाशातल्या रेषा वाचतात. एका नमुन्यात डझनावारी मूलद्रव्यं. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली ग्रीनफिल्ड यांनी १९६४ ला आणि अमेरिकेत आयोवामध्ये वेल्मर फॅसल यांच्या गटाने १९६५ ला हे छापलं. कित्येक वर्षं ती मोठ्या प्रयोगशाळांची मिरास होती. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र युरोपात आणि अमेरिकेत हौशी माणूस टँकचं पाणी छोट्या नळीत भरून पोस्टाने पाठवतो आणि काही दिवसांत फोनवर रिपोर्ट येतो.

फक्त नळी भरताना क्लेअर पॅटरसनची आठवण ठेवावी. पृथ्वीचं वय काढणारा, पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध लढलेला तोच. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की समुद्रातल्या शिशाचे जुने आकडे भलतेच मोठे होते, कारण मोजणाऱ्यांच्या बाटल्या, जहाजं, हात, प्रयोगशाळेतली धूळ, सगळ्यांतून शिसं नमुन्यात पडत होतं. १९७० च्या दशकात कडक स्वच्छतेने पुन्हा मोजलं तेव्हा शिसंच नाही, तांब्यासारख्या धातूंचे आकडेही धाडकन खाली आले. आजीने पितळी चमच्याने ताक चाखून ताक कळकलं म्हणावं तसं झालं ते.

म्हणून मी दादाला सांगितलं, हातमोजे घाल, नळी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळ, आणि मावशीला दोष द्यायचा तो रिपोर्ट आल्यावर दे. शेवटचं वाक्य त्याला लागलं असावं, कारण दोन दिवस उत्तर नव्हतं.

रिपोर्ट आला. तांब्याच्या पुढे लाल खूण. दादाने फक्त तेवढाच स्क्रीनशॉट पाठवला. मी म्हणालो, सगळा पाठव. खालच्या पानावर निकेल, तेही लाल. कोबाल्ट, किंचित वर. लोखंड जवळपास नॉर्मल.

लोखंड नॉर्मल बघून त्याला वाटलं गंजाचा प्रश्नच नाही. आणि बहुतेक लोक इथेच फसत असावेत. समुद्राच्या पाण्याची पीएच आठच्या वर असते, त्यात लोखंड विरघळलेलं राहत नाही. तपकिरी गाळ होऊन दगडावर, वाळूत, फिल्टरमध्ये बसतं. जे सगळ्यात जास्त गंजतंय तेच पाण्यात सगळ्यात कमी दिसतं. बोरॉनचा उपयोग नाही, समुद्राच्या पाण्यात ते मुळातच लिटरला साडेचार मिलिग्रॅम असतं, त्यात चुंबकातलं कुठे ओळखू येणार? निओडिमियम त्याच्या रिपोर्टच्या यादीतच नव्हतं. मागे राहतात कल्हईचे धातू, निकेल आणि तांबं, आणि मिश्रधातूत थोडं घातलेलं असतं ते कोबाल्ट. निकेल स्टेनलेस स्टीलच्या क्लिपमधूनही येऊ शकतं, तेही तपासावं लागतं. पण मावशीच्या तांब्यात निकेल कुठून येणार? शुद्ध तांब्याचं भांडं ते. कोबाल्ट तर नाहीच.

"दादा," मी म्हणालो, "टँकमध्ये पाण्याच्या आत जेवढी चुंबकं आहेत तेवढी बाहेर काढ."

पंखे ठीक होते. काच घासायच्या ब्रशचं आतलं अर्धं, जे तो काम झाल्यावर कोपऱ्यात काचेला चिकटवून ठेवायचा, कायम पाण्यात, ते फुगलेलं निघालं. मागच्या शिवणीवर केसाएवढी चीर. दाबलं की आतून तपकिरी चिखल. त्याने फोटो पाठवला, मी तो वहिनीच्या कॉमेंटसह जपून ठेवलाय. कॉमेंट इथे वाचण्यासारखी नाही.

पुढचं काम कंटाळवाणं. चुंबक बाहेर. पाणी थोडं थोडं बदलत राहणं. धातू धरून ठेवणारी रेझिन आणि रंग बदलणारी एक फिल्टरची गादी असते, ती. वाळूवरून पिशवीत घातलेलं दुसरं चांगलं चुंबक फिरवून सुटे दाणे उचलणं. सगळं लगेच जात नाही, दगडांत मुरलेलं हळूहळू परत येतं. महिन्याने दुसरी नळी पाठवली. निकेल अर्ध्यावर, तांबंही उतरलंय, अजून हवं तेवढं नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण मेसेज येणार आहेत. हे ऐकून इथे प्रवाळं पाळायला जाऊ नका. आपल्याकडे कडक प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालवणच्या समुद्रात ती आहेत, तिथेच बघा. पण घरात काच घासायचा चुंबकी ब्रश असेल, गोड्या पाण्याच्या टँकमध्ये का होईना, तर काम झाल्यावर बाहेर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा शिवण बघा. किंमत शून्य, प्रयोगशाळा नको.

तर मावशी. दादाने तिला व्हिडिओ कॉल केला, मलाही जोडून घेतलं. साक्षीदार म्हणून, मला वाटतं. तो आधी रिपोर्ट समजावत बसला. निकेल, कोबाल्ट, आर्गॉन. मावशी भाजी निवडत होती. मग त्याने ते फुटलेलं चुंबक कॅमेऱ्यासमोर धरलं, सोललेल्या चकचकीत पापुद्र्यासकट.

मावशीने चष्मा वर केला. "अरे, ह्याची कल्हई उडालीय."

दादा म्हणाला, "हो ग आई."

"मग एवढे दिवस काय बघत होतास?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सॉरी तो म्हणाला, पण आवाज तुटत होता, आणि मावशीला ते ऐकू गेलं की नाही सांगता येत नाही. तिने विचारलं, त्या गोगलगायी परत चढल्या का काचेवर? दादाने फोन फिरवला. एक चढली होती, डाव्या कोपऱ्यात, वरून चार बोटं खाली. आम्ही तिघं थोडा वेळ तिच्याकडेच बघत बसलो.